तीन पायऱ्यांचा उतार

४ जानेवारी

प्रिय मामा,

तुझ्या कानांनी फोनशी कायमची कट्टी घेतल्यापासून मला पत्रं लिहायची सवय लागली आहे, आणि खरं सांगायचं तर ती आवडायलाही लागली आहे. फोनवर तू नुसता "काय? काय?" करायचास आणि शेवटी मामीच बोलायची. पत्रात निदान तू मला मध्येच तोडत नाहीस.

आईची तब्येत विचारली होतीस. खुब्याचं हाड जुळलं, पण पायांत यायचं तेवढं बळ आलं, यापुढे चाकांची खुर्चीच, असं डॉक्टर म्हणाले. खुर्चीचं तिला काही वाटत नाही. घरात ती इतक्या जोरात फिरवते की दारांच्या चौकटींचा रंग गेलाय. घोडं अडलंय ते दारापुढच्या तीन पायऱ्यांवर. दोनदा शेजारच्या टॅक्सीवाल्या काकांनी आणि त्यांच्या भावाने तिला खुर्चीसकट उचलून खाली नेलं. दुसऱ्यांदा परत आल्यावर ती म्हणाली, "मला कपाटासारखं उचलायचं नाही. मी आता कुठे जायची नाही." ही ऑगस्टमधली गोष्ट. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. चाळीस वर्षं गावभराचे कपडे शिवलेली बाई, जिला रस्त्यात दर चार पावलांवर कोणी ना कोणी थांबवायचं, ती आता खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पाठी बघते. मला ते बघवत नाही.

म्हणून मी पायऱ्यांच्या जागी लोखंडी उतार करायचं ठरवलंय. वेल्डिंग तूच शिकवलंस, तेव्हा सांगाडा जमेल. प्रश्न आहे वरच्या पत्र्याचा. पाच मिलिमीटर जाड, घसरू नये म्हणून वर खडबडीत नक्षी. ग्राइंडरने कापायला घेतला तर आई आतून ओरडली, "दात कोरतेयस की पत्रा?" मी पोटासाठी दातांच्या कवळ्या करते, त्यामुळे तिला आयतंच सापडलं. गॅसची नळकांडी घरात ठेवायची मला भीती वाटते. शेवटी एक छोटा प्लाझ्मा कटर आणला. प्रवासी बॅगेएवढा, एका हाताने उचलता येतो. वीज हवी आणि कॉम्प्रेसरची हवा हवी, बास. त्याला नळीने जोडलेल्या, पिस्तुलासारख्या टॉर्चच्या टोकातून धगधगती धार निघते आणि लोखंड वितळवून खाली उडवते म्हणे. म्हणे, कारण मी अजून ते पाहिलेलं नाही. काल लावला तर फट्ट झालं आणि विझलं. पुन्हा फट्ट. माहितीपुस्तक चार पानांचं, त्यातली तीन पानं "हे करू नका"ची. मोबाइलवर दहा जण दहा गोष्टी सांगतात.

तू जन्मभर लोखंड कापलंस. तू सांगशील तस्सं करीन.

तुझी
कवळीबाई (नाव तूच ठेवलंस, आता ऐक)


१३ जानेवारी

कवळीबाईंना मामाचा भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचून छाती फुगली. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीने कापाकापीतलं काही विचारलं म्हणून तुम्ही आठवडाभर मिशांना पीळ देणार. मला मिशा नाहीत हे तिला माहीत आहे.

कापायचं नंतर. आधी उतार. किती लांबीचा करते आहेस ते लिहिलं नाहीस, म्हणजे पायऱ्यांएवढाच करते आहेस. बरोबर ना? तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या धरल्या तर उंची झाली अठरा इंच. पाच-सहा फुटांत तू ती उतरवलीस तर ती घसरगुंडी होईल आणि ताईला दर वेळी कोणीतरी मागून धरावं लागेल. म्हणजे कपाट होतं, त्याची हातगाडी झाली. तिचं तिला उतरायचं असेल तर एका इंचाला एक फूट लागतो. अठरा फूट. अंगणात सरळ बसत नसेल तर वळव, वळणावर सपाट जागा ठेव, दोन्ही बाजूंना कठडा दे. तुला तिला बाहेर न्यायचंय, की तिने बाहेर जायला हवंय, ते ठरव आणि मग पत्रा आण.

आता यंत्र. फट्ट होऊन विझतं, कारण यंत्राच्या तारेचा चिमटा तू पत्र्यावरच्या गंजावर लावला असणार. जिथे लावशील तिथे लोखंड चकाकेपर्यंत घास. यंत्र कुठलंही असो, लोखंड तेच. कडेवर टॉर्च धर आणि थांब. लोखंडाला तापू दे. कड चांगली लाल झाली की मगच पुढे सरक, आणि हळू. जितकं हळू तितका कट साफ. टॉर्चचं तोंड पत्र्यापासून बोटभर वर ठेव. सुती कपडे, चामड्याचे बूट, गडद काच डोळ्यांवर, बादलीभर पाणी जवळ. रंग दिलेला किंवा जस्त चढवलेला पत्रा घरात कापायचा नाही, त्याचा धूर छातीत बसतो. बंद डब्याला तर हातही लावायचा नाही.

घाबरू नकोस. मी आहे.

मामा


२२ जानेवारी

प्रिय मामा,

अठरा फुटांचं वाचून आधी डोळे पांढरे झाले. मग आईकडे बघितलं आणि पटलं. भिंतीच्या कडेने नऊ फूट, मग चार फुटांची सपाट जागा, तिथून वळून फाटकाकडे नऊ फूट. आई म्हणाली, "तीन पायऱ्यांसाठी एवढा पूल? नदी आहे का खाली?" ती पुढे म्हणाली, "आणि कर हवा तेवढा. मी उतरणार नाहीच." हे मात्र लागलं मला.

चिमट्याचं तू अगदी नेमकं ओळखलंस. घासून लावला आणि यंत्र पहिल्या झटक्यात पेटलं. इतका आनंद झाला की मी ओरडलेच.

कापतानाही तू सांगितलंस तसंच केलं. कडेवर थांबले, अगदी सावकाश गेले, तोंड बोटभर वर. पण माझा हात अजून बसलेला नाही. सुरुवातीलाच कड उंदराने कुरतडल्यासारखी होते. मध्येच धार विझते, पुन्हा पेटते. कट बोटभर रुंद येतो आणि पत्र्याखाली वितळून गोठलेल्या लोखंडाचे गोळे लोंबतात, ते छिन्नीने काढता काढता मनगट दुखायला लागलं. टॉर्चच्या तोंडाची तांब्याची टोपी एका दिवसात खलास झाली. आई खोलीतून नुसता आवाज ऐकते. काल म्हणाली, "तुझं यंत्र अडखळतंय. शिलाई मशीन असं अडखळलं की मी धागा तपासायचे. तू थांबतेस कशाला सारखी?" मी म्हटलं, मामाने सांगितलंय.

सगळी चूक माझ्या हाताची आहे, हे मला कळतंय. दातांच्या बारीक कामाची सवय, त्यामुळे असेल. आणखी हळू जाऊ का?

कवळीबाई


३१ जानेवारी

कवळीबाई,

आणखी हळू जाऊ नकोस. सध्या जाऊच नकोस. माझं पुढचं पत्र येईपर्यंत कापणं बंद ठेव, सांगाड्याचं वेल्डिंग उरकून घे. मला थोडी सर्दी झाली आहे, डोकं जड आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. ताईला नमस्कार सांग.

मामा

(याच पाकिटात, वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे लिहिलेला कागद)

बाळा, पाकीट चिकटवायचं काम माझं असतं, म्हणून हे आत सरकवतेय. यांना सर्दीबिर्दी काही नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. जन्मभर यांनी गॅसने कापलं, पण तुझ्याकडे आहे ते यंत्र यांनी कधी हातातही धरलेलं नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, माहीत नाही असं लिहा. तर म्हणाले, "पोरीने एवढ्या विश्वासाने विचारलंय." आता रोज सकाळी डबा घेऊन बसथांब्यामागच्या ग्रिलवालीच्या कारखान्यात जातात. तिच्याकडे तसलं यंत्र आहे. वयाच्या बहात्तराव्या वर्षी उमेदवारी चाललीय. तुला कळलंय असं दाखवू नकोस. सांगायचं ते तेच सांगतील.

मामी


७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सर्दीला जप. वाफ घे. घराबाहेर पडावंच लागलं तर कान झाकून पड.

कापणं बंद आहे. सांगाडा झाला. सपाट जागेखालचे चार पाय एका उंचीचे आणताना माझ्या नाकी नऊ आले, पण आता काचेवर पाणी ठेवलं तरी ओघळणार नाही. ती तांब्याची टोपी खलास झाली त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. म्हणजे, मी वाईट वाटून घेत नाही, असं म्हणायचं होतं.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. लिहितेच. परवा मी कामावरून आले तर आईने खुर्ची खिडकीपासून फिरवून भिंतीकडे तोंड केलं होतं. मी विचारलं, ऊन येतंय का? म्हणाली, "नाही. बघून काय करायचंय." त्यानंतर ती तशीच बसते. मी खुर्ची फिरवली तर रागावते. मामा, मला खूप घाई आहे. पण तू घाई करू नकोस. तुला वेळ लागेल तेवढा लागू दे. मी दुसऱ्या कोणाला विचारणार नाही.

तुझीच
कवळीबाई


१९ फेब्रुवारी

लाडके कवळीबाई,

मला सर्दी नव्हती.

मी हे यंत्र कधी वापरलं नव्हतं. तुला जे सांगितलं ते सगळं गॅसचं होतं. गॅसने कापताना लोखंड आधी लाल करावं लागतं, मग त्यावर प्राणवायू सोडायचा, म्हणजे ते जळत जातं. तिथे थांबणं हीच अर्धी विद्या. मला वाटलं, थोडाफार फरक असेल. तुझं दुसरं पत्र वाचलं आणि कळलं. तू स्वतःच्या हाताला दोष देत होतीस आणि दोष माझ्या जिभेचा होता. ताई तिकडे भिंतीकडे तोंड करून बसलीय आणि मी इकडे माझी शान सांभाळत बसलो. मला माफ कर.

इथे एक ग्रिल करणाऱ्या बाई आहेत. वीस दिवस त्यांच्याकडे जातोय. पहिल्या दिवशी मी टॉर्च हातात घेऊन कडेवर थांबलो, तर त्या म्हणाल्या, "आजोबा, ही बस नाही, थांबायचं नाही." सगळा कारखाना हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार?

आता नीट वाच. हे मी स्वतःच्या हाताने करून लिहितोय.

ही धार पहिल्या क्षणापासून कापते. तू थांबलीस तेवढ्यात तिने समोरची कड खाल्ली आणि पुढे खायला काही उरलं नाही म्हणून ती विझली. पेटली की निघायचं. तोंड बोटभर वर नको, पत्र्याला अलगद टेकलं तरी चालतं, तुझ्या यंत्राच्या टोपीवर तशी खूण असेल. नजर धारेकडे नको, ठिणग्यांकडे ठेव. त्या पत्र्याखालून, थोड्या मागे झुकून पडायला हव्यात. सरळ खाली पडून गोळे लोंबायला लागले तर तू रेंगाळतेयस. वर उडून अंगावर आल्या तर धावतेयस, धार आरपार गेलेली नाही. या दोहोंच्या मधला वेग हाताला सापडतो. मला चार दिवस लागले, तुला कमी लागतील.

हवेचा दाब यंत्राची हवा चालू असताना लाव. बंद असताना लावलास तर काटा खोटं सांगतो, हवा सुटली की दाब खाली येतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढ. ओली हवा टोप्या खाते. उगाच हवेत ठिणगी पाडून बघू नकोस. सरळ कापायला लोखंडी पट्टी आवळून ठेव आणि तिच्या कडेने जा. नुसत्या हाताने सरळ जातो म्हणणारे खोटं बोलतात. त्यांत मीही आलो.

एवढंच. तुला आधीच कळलं होतं का गं? "कान झाकून पड" वाचताना मामी उगाच खोकत होती.

तुझा उमेदवार
मामा


३० मार्च

माझ्या उमेदवारा,

कळलं होतं. मामीला रागावू नकोस. आणि माफी कसली मागतोस? "मला माहीत नाही" असं म्हणता न येणारा तू एकटाच आहेस का? आमच्या दवाखान्यात रोज चार येतात. पण बहात्तराव्या वर्षी शिकायला जाणारा एकच. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. आईने विचारलं काय झालं, म्हणून तिलाच वाचायला दिलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाली, "हा लहानपणापासून असाच आहे. पण शिकतो बरं." मग खुर्ची फिरवून म्हणाली, "चल, दाखव काय कापतेस ते."

ती मागच्या दाराशी आली. पेटल्याबरोबर निघाले. ठिणग्या खाली, मागे झुकून, आणि पत्रा कागदासारखा दुभंगला. मामा, काय सांगू! गोळे नाहीत, लोंबणं नाही, नखाने मोडेल एवढासा पापुद्रा. पण मोजला तर तुकडा दीड मिलिमीटर कमी भरला. मी रेघेवरून गेले होते. आई म्हणाली, "रेघ तुकड्यात ठेवायची की चिंधीत, हे आधी ठरवायचं असतं. एवढंही माहीत नाही? माझी कात्री तरी बारीक होती, तुझी धार जाड आहे." मग तिनेच शिवणाचा खडू मागवला आणि सगळ्या पत्र्यांवर रेघा आखल्या. मी फक्त रेघेच्या बाहेरून कापत गेले. तीन रविवार आम्ही दोघी भांडत भांडत काम करत होतो, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

उतार तयार आहे. गेल्या रविवारी टॅक्सीवाल्या काकांनी जागेवर बसवायला हात दिला. कठडा आईच्या हाताच्या उंचीचा केलाय. कडा मी घासून इतक्या गुळगुळीत केल्यात की कवळी म्हणून तोंडात घालाव्यात.

पण ती उतरत नाही. वरच्या टोकाशी येते, कठड्यावर हात ठेवते, खाली बघते. "छान झालंय. उद्या." आठ दिवस हेच चाललंय. मी दारात उभी राहून रोज म्हणते, मी आहे ना, घाबरू नकोस. आणि ती मागे फिरते. एकदा मागून हळूच ढकलू का?

कवळीबाई


७ एप्रिल

कवळीबाई,

खबरदार ढकलशील तर.

ती उताराला घाबरत नाही. तू दारात श्वास रोखून उभी असतेस ना, त्याला घाबरते. ती चुकली तर तुझा चेहरा कसा होईल ते तिला दिसतं. मला हे आता कळतं, कारण त्या ग्रिलवाल्या बाई माझ्या खांद्यावरून बघत असल्या की माझा कट साप चालल्यासारखा जायचा. एक दिवस त्यांना कोणीतरी बाहेर बोलावलं. मी एकटा होतो, त्या दिवशी पहिला सरळ कट आला.

तुझं काम झालंय. चांगलं झालंय. आता कामावर जा, आणि जाताना "उतरलीस तर जपून" असंही म्हणू नकोस. उताराचा विषयच काढू नकोस.

मामा


१५ एप्रिल

मामा,

मी सहा दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं. माझ्यासाठी हे किती कठीण, ते तुला माहीत आहे.

आज दुपारी लवकर घरी आले. दार ओढून घेतलेलं होतं. आत हाक मारली, उत्तर नाही. तिची खोली बघितली, स्वयंपाकघर बघितलं, न्हाणीघराचं दार ढकलून बघितलं. मागचं अंगण बघितलं. मग मधल्या खोलीत येऊन उभी राहिले आणि एकदम लक्षात आलं. घरात कोणीच नव्हतं. मामा, ऑगस्टपासून पहिल्यांदा माझी आई घरी नव्हती.

मी चपला न घालता धावले. ती कोपऱ्यावरच्या दोरे-बटणांच्या दुकानासमोर होती. दुकानदार बाहेर आला होता आणि ती त्याला फैलावर घेत होती. "हा निळा नाही. याला तुम्ही निळा म्हणत असाल, मी म्हणत नाही. दुसरी पेटी काढा." आजूबाजूला तिच्या जुन्या गिऱ्हाइकांतल्या दोन बायका उभ्या होत्या आणि तिघी एकाच वेळी बोलत होत्या. तिने मला बघितलं. माझ्या अनवाणी पायांकडेही बघितलं. म्हणाली, "आलीस? थांब जरा, माझं व्हायचंय."

मी थांबले. अर्धा तास थांबले. इतका वेळ रस्त्यात रडत उभी राहिले ती लहानपणानंतर आजच.

येताना तिने खुर्ची स्वतःच चालवली. फाटकातून आत आलो, ती उतार चढायला लागली. मी तुझं "खबरदार" आठवून हात पाठीमागे बांधून चार पावलं मागे. वळणावरच्या सपाट जागेवर ती थांबली. धाप लागली होती, कपाळावर घाम होता, दोऱ्यांची पुडी मांडीवर होती. बराच वेळ रस्त्याकडे बघत बसली. मग मान न वळवता म्हणाली, "अगं, बघत काय बसलीस? उतरताना कोणी नको होतं. चढताना लाव की हात."

मी हात लावला.

तुझी
कवळीबाई